दुसऱ्या सबनेटमधली बेल

हे घडलेलं आहे. कुणाला पटवून द्यायची मला इच्छा नाही. लपवायची ताकद उरली नाही, इतकंच.

गारखेड्यातलं आमचं घर. ११ मार्च, मंगळवार. दुपारचे पावणेचार.

मी नेटवर्क इंजिनिअर. वरच्या खोलीतून ऑफिसचं काम करते. गुडघ्यांमुळे आईला जिना चढवत नसे, म्हणून तिच्या खाटेजवळ मी वायफायची बेल लावली होती. तिनं बटण दाबलं, की माझ्या लॅपटॉपवर वाजायची.

ती सारखी दाबायची. मी खाली डोकावले, की म्हणायची, "तनू, लई येळ झाला बोलतीस. च्या घे की!"

मीटिंगमधले हसायचे. "तनुजा, आरती सुरू झाली का?"

जानेवारीत मी घरचं नेटवर्क दोन सबनेटमध्ये, म्हणजे दोन वेगळ्या भागांत विभागलं. एका भागात फक्त माझा लॅपटॉप. दुसऱ्या भागात टीव्ही, टॅबलेट आणि आईची बेल. त्या भागातलं काहीही माझ्या भागात येणार नाही, असा नियम घातला. बेल आता फक्त खाली हॉलमधल्या टॅबलेटवर वाजणार होती.

आईला सांगितलं नाही.

फेब्रुवारीत तिला हृदयविकाराचा झटका आला. मी वर मीटिंगमध्ये होते. खाली आले, तेव्हा सगळं संपलं होतं.

टॅबलेटवर त्या वेळच्या, बेलच्या नऊ नोंदी होत्या...

त्या मी पुसल्या.

११ मार्चला धाकट्या इंद्रजीतचा पुण्याहून फोन आला.

"तायडे, एक विचारू? आईनं बेल दाबली नव्हती ना गं?"

"नाही रे. वाजलीच नाही."

आणि लॅपटॉप वाजला...

टिंग.

बेल माझ्या कपाटात होती. सेल काढून ठेवलेली.

"तायडे... ती बेलच ना?"

मी जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली. माझ्या भागात एकच नाव असायला हवं होतं.

दोन होती.

बेलचा नेटवर्कवरचा पत्ता माझ्या लॅपटॉपच्या पत्त्याच्या अगदी पुढचा. तो मी तिला कधीच दिला नव्हता.

पुन्हा... टिंग.

मी इंद्रजीतला सगळं सांगितलं. मीटिंग, नियम, पुसलेल्या नोंदी.

तो मग म्हणाला, "ती तुला बोलवत होती, तायडे."

त्यानं फोन ठेवला. पुन्हा केलेला नाही.

बेलही पुन्हा वाजलेली नाही.

मी तो पत्ता बंद करून पाहिला. राऊटर बदलला. तरी लॅपटॉप उघडला, की ती यादीत माझ्या शेजारी येते... मी काम संपवून उठेपर्यंत थांबते.

काहीच मागत नाही.