गडगडलं तरी पिन काढायची नाही

फोनला आपण फोन आहोत हेच आठवत नव्हतं.

रिसीव्हर होता. आकड्यांची बटणं होती. तारही भिंतीत नीट खोचलेली होती. पण रिसीव्हर कानाला लावला तर आत काहीच नाही. नेहमीची ती लांबच लांब 'ऊंऽऽऽ' अशी गुणगुणसुद्धा नाही. शिंपला कानाला लावला तरी निदान समुद्र ऐकू येतो!

शाल्मलीनं रिसीव्हर ठेवला, परत उचलला, परत ठेवला. आईच्या खुर्चीत बसलं की तिचे पाय अजून जमिनीला टेकत नसत. ते हवेतच हलत राहिले.

"भोपळ्या, हा मेला का रे?"

भोपळ्या म्हणजे मेघशाळेतला यंत्रमानव. रंगानं नारिंगी, आकारानं गोल, खाली तीन चाकं. कामावर येणाऱ्यांना चहा नेऊन देणं हे त्याचं काम आणि न विचारता बोलणं हा त्याचा स्वभाव. आज मात्र त्याला विचारलं होतं, त्यामुळे तो जास्तच खुशीत होता.

"मेला नाही. पिन कोणी काढली? पिन कोणी काढली?"

"गडगडलं म्हणून काढली! नियमच आहे आपला!"

आणि ते अगदी खरं होतं. मेघशाळा म्हणजे ढगांचा आणि विजांचा अभ्यास करणारं कार्यालय. ते एका उंच पठारावर होतं. तिथली यंत्रं विजेच्या अगदी क्षीण रेडिओलहरी ऐकत बसलेली असायची, म्हणून पठारावर मोबाईल आणायला बंदी. बोलायचं ते टेबलावरच्या तारेच्या फोनवरून. आणि हस्त नक्षत्र लागलं की ढगांमध्ये हत्ती ओरडल्यासारखा गडगडाट व्हायचा. वीज तारेतून आत शिरू नये म्हणून तिथली एक पक्की रीत होती: गडगडलं, की जो ज्या टेबलाजवळ असेल त्यानं तिथल्या पिना काढायच्या. पठारावरची मुलं ही रीत पाढ्यांच्याही आधी शिकत.

आज दुपारी गडगडलं तेव्हा शाल्मली आईच्या टेबलापाशीच होती. तिनं धावत जाऊन फोनची तार ओढली. मग आकाश शांत झाल्यावर परत लावली. तेव्हापासून फोन असा मुका.

आणि आज तर तो मुका असून चालणारच नव्हतं.

कारण शाल्मलीची आई 'घार'मध्ये होती. 'घार' म्हणजे ढगांच्याही वर तरंगणारा प्रचंड मोठा फुगा, त्याच्या पोटाशी एक छोटी प्रयोगशाळा, आणि त्या प्रयोगशाळेत चार शास्त्रज्ञ. आज सूर्य मावळताना वारा घारेला समुद्रावर घेऊन जाणार होता. मग सगळ्या पृथ्वीला फेरी घालून ती परत येईपर्यंत बोलणं नाही. म्हणून जाण्याआधी प्रत्येकाचा आपापल्या घरच्यांना फोन, आपापल्या टेबलावर. पलीकडच्या टेबलांपाशी बाकी तिघांची माणसं आत्ताच येऊन बसली होती.

शाल्मलीला आईला एकच गोष्ट सांगायची होती. सांगायची म्हणजे, ऐकवायची होती. आज सकाळी तिचा पुढचा दात पडला होता. आता 'शाल्मली' म्हणताना पहिल्याच अक्षराला बारीक शीळ फुटत होती, वेळूच्या बनातून वारा गेल्यासारखी. आई परत येईल तोवर नवा दात आलेला असेल. मग ती शीळ कुठून आणायची?

तिचे डोळे भरून आले. भोपळ्यानं ते पाहिलं आणि पहिल्यांदाच काही न बोलता तो गरकन वळला. परत आला तो आजोबांना घेऊनच.

आजोबा म्हणजे आईचे बाबा. मेघशाळेतल्या सगळ्या यंत्रांचं आपसातलं बोलणं सांभाळायचे. त्यांनी फोनकडे पाहिलं, भिंतीतल्या तारेकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अरेच्चा! मधेच निघाली का तार?"

"मी काढली," शाल्मली म्हणाली. "गडगडलं ना."

आजोबा तिच्याशेजारी खाली बसले. "मग चूक माझी. आज तळघरात विजेपासून जपणारं यंत्र लावलंय, म्हणून मी सगळ्यांना सांगितलं होतं की आज गडगडलं तरी पिन काढायची नाही. सांगितलं नाही ते फक्त तुला. नियम मोडायचा असेल तर तो सगळ्यात नीट पाळणाऱ्या माणसाला आधी सांगावा, एवढं कळायला हवं होतं मला."

"पण का नाही काढायची?"

"कारण फोन तेव्हा शिकत होता."

शाल्मलीनं डोळे पुसले. "फोन? शिकतो?"

"तर! हे बघ, या प्लॅस्टिकच्या आत एक चिमुकला संगणक आहे. त्याला आपण बटण दाबलं की काय करायचं, आवाज कसा पाठवायचा, घंटा कधी वाजवायची, हे कोण सांगतं? त्याच्या पोटात मुरवून ठेवलेल्या सूचना. त्यांना म्हणतात फर्मवेअर (यंत्राच्या आत कायम राहणाऱ्या, त्याला त्याचं काम शिकवणाऱ्या सूचना). आज सगळ्या फोनमधलं जुनं फर्मवेअर पुसून नवं भरत होतो. जुनं पुसलं गेलं, नवं अर्धं उतरलं, आणि तेवढ्यात—"

"मी तार ओढली."

"हं. त्या तारेतूनच त्याला सूचना मिळतात आणि वीजही. दोन्ही एकदम बंद. बिचाऱ्याला धड जुनं आठवेना, धड नवं येईना."

शाल्मलीनं हळूच विचारलं, "म्हणजे तो आईचं नावही विसरला?"

फोन वाजला की त्याच्या छोट्या पडद्यावर 'अरुंधती, घार' अशी अक्षरं उमटायची. तिला ती फार आवडायची.

"नाही गं. नावं, नंबर हे सगळं मधल्या मोठ्या संगणकाकडे जपलेलं असतं. फोन जागा झाला की तिथून मागून घेतो. फर्मवेअर म्हणजे काम करायची रीत. आता या भोपळ्याचं बघ. कालच त्याचं फर्मवेअर बदललं. काही विसरला का?"

"आजोबांचा चहा बिनसाखरेचा, आणि चोरून एक चमचा साखरेचा," भोपळ्या लगेच म्हणाला.

"बघ! हेसुद्धा विसरला नाही," आजोबा पुटपुटले.

शाल्मलीला हसू फुटलं. हसताना शीळही वाजली. आजोबांनी ती ऐकली आणि त्यांना सगळं कळलं. त्यांनी खिडकीतून एकदा बाहेर पाहिलं. सूर्य खाली सरकला होता, आणि पठारावरचं गवत मधाच्या रंगाचं झालं होतं.

"तुमच्या टेबलावर नाही का घेता येणार आईचा फोन?"

"घारेला नंबर सकाळीच कळवलेत. आता ती वादळाची मापं पाठवतेय, मधे बोलता येत नाही. आपल्याला यालाच जागं करायला हवं."

"पण त्याला तर काहीच येत नाही!"

"काहीच? नुकतं जन्मलेलं बाळ बघितलंयस ना? त्याला काय येतं?"

शाल्मलीनं विचार केला. "रडता येतं. आणि आईनं जवळ घेतलं की दूध पिता येतं."

"तेवढंच! पण तेवढ्यावर ते सगळं शिकतं. तशी फोनच्या आत एका कोपऱ्यात एक इवलीशी सूचना असते, ती कधीच पुसत नाहीत. बूटलोडर (यंत्राला जागं करणारी पहिली सूचना) म्हणतात तिला. तिला इतकंच येतं: जागं व्हायचं आणि मधल्या संगणकाकडे मागायचं, 'मी कोण आहे? माझ्या सूचना दे.' आत्ताही ती मागतेय, पण ते अर्धवट उतरलेलं तिच्या आड येतंय. ते आधी पुसूया. तार काढ बघू."

"काढू? नक्की?"

"आता मीच सांगतोय की!"

तार निघाली. आजोबांच्या सांगण्याप्रमाणे शाल्मलीनं खालचं कोपऱ्यातलं बटण दाबून धरलं आणि तार परत लावली. फोनच्या कडेचे दिवे एकामागून एक लुकलुकले, काजव्यांची रांग चालल्यासारखे. मग, पुसायची हीच खूण म्हणून, तिनं एकपासून सगळी बटणं ओळीनं दाबली. प्रत्येक बटण वेगळ्या सुरात बोललं. लहान बाळाला कोणीतरी पहिलंवहिलं गाणं शिकवावं तसं ते वाटलं.

पडद्यावर एक बारीक निळी रेघ उमटली. अगदी डाव्या कडेला. आणि मुंगीच्या चालीनं ती उजवीकडे निघाली.

"प्यायला लागला!" शाल्मली कुजबुजली.

"आता शेवटपर्यंत पिऊ दे."

रेघ वाढत होती. शाल्मली हनुवटी टेबलावर टेकून पाहत होती. "आजोबा, पण जुनं का पुसलंत? आईशी बोलायचो की आपण त्याच्यावर."

"बोलायचो, पण मधे एक दुभाषी यंत्र होतं. कारण आपल्या फोनचा प्रोटोकॉल जुना, घारेचा नवा. प्रोटोकॉल म्हणजे बोलणं सुरू कसं करायचं, चालवायचं कसं, संपवायचं कसं, याची दोघांनी आधीच मान्य केलेली रीत. आपल्या घरी कोणी आलं तर काय करतो?"

"'या, या' म्हणायचं. बसायला सांगायचं. पाणी द्यायचं."

"आणि निघताना पाहुणा काय म्हणतो? 'जातो'?"

"शीऽऽ! 'जातो' नाही म्हणायचं. 'येतो' म्हणायचं. मग आपण म्हणायचं, 'या'."

"झाला प्रोटोकॉल! आता समज, एक पाहुणा असा आला की त्याच्या गावी दारात उभं राहून आधी गाणं म्हणतात, आणि घरच्यांनी पुढची ओळ म्हटल्याशिवाय पाऊल आत टाकत नाहीत. तू म्हणत राहणार 'या, या', आणि तो—"

"गातच राहणार! संध्याकाळपर्यंत दारात!"

"दोघंही चांगले, दोघांचंही मन स्वच्छ, पण भेट नाही. जुना दुभाषी ही भेट घडवायचा. पण आता तो दमलाय. तुझ्या आईनं 'बाळा' म्हटलं की 'बा' आत्ता यायचा आणि 'ळा' जरा वेळानं."

शाल्मलीनं मान हलवली. तो मधला रिकामा क्षण तिला माहीत होता. फार मोठा वाटायचा तो.

"आणि जुन्या रीतीत फोन म्हणजे कळसूत्री बाहुली," आजोबा म्हणाले. "प्रत्येक गोष्टीला मधल्या संगणकाला विचारायचं. 'मला उचललंय, काय करू?' 'गुणगुण.' 'पाच दाबलंय, काय करू?' 'थांब.' नव्या रीतीत तो स्वतः आमंत्रण पाठवतो. समोरचा फोन कळवतो, 'घंटा वाजतेय हं.' कोणी उचललं की सांगतो, 'उचलला.' हा म्हणतो, 'कळलं.' मग गप्पा. मधला संगणक फक्त कोण कुठे आहे ते सांगतो. आणि शेवटी—"

तेवढ्यात ढगातला हत्ती ओरडला.

खिडकीच्या काचा थरथरल्या. शाल्मली काही ठरवायच्या आत तिचा हात तारेपाशी पोहोचलासुद्धा. बोटांनी पिन धरलीही. निळी रेघ पडद्याच्या उजव्या कडेपासून थोडीशीच लांब होती.

आजोबा तिच्या हाताकडे पाहत राहिले. भोपळ्यासुद्धा.

पुन्हा गडगडलं, आणखी जवळ. शाल्मलीनं डोळे मिटले. मग एकेक करून बोटं सोडवली, दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर घट्ट बसून राहिली.

"मी नाही काढणार," ती स्वतःलाच सांगत होती. "तो शिकतोय. मी नाही काढणार."

गडगडाट डोंगरापलीकडे गेला. खोलीत शांतता पसरली. आणि त्या शांततेत एक बारीक 'टिक्' असा आवाज झाला.

तिनं डोळे उघडले. रेघ नव्हती. पडदा क्षणभर काळा झाला, मग उजळला. रिसीव्हर उचलून तपासायची गरजच पडली नाही. घंटा वाजली आणि अक्षरं उमटली: अरुंधती, घार.

"हॅलो?"

"बाळा!" मधे रिकामा क्षण नव्हता. आई जशी काही खिडकीच्या बाहेरच उभी होती. "किती स्वच्छ येतोय गं तुझा आवाज! बोल ना. काय झालं आज?"

शाल्मली ठरवलेलं सगळं विसरली. ती फक्त म्हणाली, "आई, मी शाल्मली."

शीळ वाजली. बारीक, खरीखुरी. फोनमध्ये हजारो तुकडे होऊन, प्रत्येक तुकड्यावर पत्ता घेऊन ती तारेतून, अँटेनातून, ढगांमधून वर गेली आणि आईच्या कानात पुन्हा अख्खी झाली.

पलीकडे आई एकदम ओरडली, "अगंऽऽ! पडला? कुठला, वरचा? परत म्हण! परत म्हण!"

"शाल्मली! शाल्मली! शाल्मली!"

आई हसत होती. हसता हसता मधेच तिनं नाक ओढलं, तेही स्वच्छ ऐकू आलं. "दात कुठे ठेवलास गं?"

"तुझ्या टेबलाच्या खणात. कापसात गुंडाळून."

"ठेव. मी आले की दोघी मिळून पाहू."

वारा फिरत होता. निघायची वेळ झाली हे आईनं सांगायच्या आधीच तिच्या आवाजात आलं होतं. शाल्मलीनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. आता काय म्हणायचं ते तिला माहीत होतं. ते आधीच ठरलेलं होतं, दोघींना पाठ होतं.

"येते हं बाळा," आई म्हणाली.

"ये," शाल्मली म्हणाली.

फोननंही त्याच्या भाषेत तेच म्हटलं असावं. पडद्यावरची अक्षरं हलकेच मावळली.

बाहेर पश्चिमेला, ढगांच्या वर, एक पांढरा ठिपका शेवटच्या उन्हात चमकत होता. शाल्मली, आजोबा आणि भोपळ्या, तिघंही खिडकीशी उभे राहून तो पाहत होते.

"आजोबा, आणखी खूप लांबून, कुठल्यातरी दुसऱ्या ग्रहावरून कोणी फोन केला तर? त्यांची रीत आपल्याला कुठे माहीत आहे?"

"नाही माहीत. शिकावी लागेल."

"आणि त्यांनाही आपली. पण मी आधी शिकेन. ते दारात गात असतील तर पुढची ओळ कोणालातरी यायला हवी ना?"

'शिकेन' म्हणताना पुन्हा शीळ वाजली. भोपळ्यानं ती ऐकली, पोटातला लहानसा दिवा लावला, आणि आपल्या नव्याकोऱ्या फर्मवेअरनं अगदी तशीच एक शीळ वाजवून पाहिली.