दोन खोक्यांतलं एक मडकं

आपल्या टेबलाशी अनोळखी माणूस बसलेला पाहून तिच्या कपाळावर आठी चढली. आणि त्याच्यासमोरचं मडकं पाहून तर तळपायाची आग मस्तकात गेली.

काल संध्याकाळपर्यंत ती अकरा खापरं होती. जुन्या लिपीतली सहा एका खोक्यात, नव्या लिपीतली पाच दुसऱ्यात. दोन हजार वर्षांपूर्वी जुने लोक गेले, नवे आले, येताना आपली अक्षरं घेऊन आले—पाच वर्षं राबून तिने हे मांडलं होतं आणि सोमवारी प्रबंध द्यायचा होता. संग्रहालयात फुटकी भांडी जोडायला नव्यानेच लागलेल्या या माणसाने दोन्ही खोकी एक करून टाकली होती.

“कोणाला विचारून जोडलंत?”

“कडांना,” तो म्हणाला. “जुळत होत्या.”

“अक्कल गहाण ठेवली होतीत का? खोक्यांवर चिठ्ठ्या होत्या.”

“मला ती अक्षरं वाचता येत नाहीत. माती कळते.” त्याने मडकं हळूच तिच्याकडे फिरवलं. “हे बघा... अक्षराच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना माती वर आलीये. भाजायच्या आधी, ओल्या मातीत लिहिलंय. दोन्ही खोक्यांतल्या तुकड्यांवर तोच हात.”

एकाच मडक्यावर दोन्ही लिप्या. म्हणजे कोणी गेलंच नव्हतं. त्याच घरातल्या कुणीतरी जुनं न सोडता नवं शिकून घेतलं होतं. तिला ते लगेच पटलं, आणि म्हणूनच ती जास्त भडकली.

“सोडवा. गोंद विरघळतो ना?”

“विरघळतो.” त्याने बाटली तिच्यासमोर ठेवली. “पण ते तुम्ही करा. माझ्याच्याने नाही होणार.”

त्याने इतक्या शांतपणे तिच्याकडे पाहिलं, की तिचा हात बाटलीपर्यंत गेलाच नाही... याचाही तिला राग आला.

सोमवारपर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही. सोमवारी प्रबंध न देता, मार्गदर्शक सरांची भरपूर बोलणी खाऊन ती तरातरा खोलीत शिरली.

“सहा महिन्यांची मुदत मिळालीये. सगळं पहिल्यापासून लिहायचं. आणि तुम्ही मला माती शिकवायची.”

“मग जरा हसून सांगा की.”

“नाही हसणार. सरांसमोर रडू आवरत उभी होते, आणि डोक्यात काय, तर... आता तुम्ही रोज दिसणार. लाज वाटली मला स्वतःची.”

त्याच्या हातातला ब्रश थांबला. “मला तर तुम्ही पहिल्याच दिवशी आवडलात. भीती वाटली, म्हणून बोललो नाही.”

“भीती अजून वाटते?”

“हो.”

“वाटू द्या,” ती म्हणाली, आणि त्याच्या शेजारची खुर्ची खसकन ओढून बसली.