रेस कोणी दिली?

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण यातलं काहीही माझ्या पदरचं नाही. ज्यांच्या बाबतीत हे घडलं ते इसाकचाचा आमचे शेजारी. पंचवटीतून आडगाव नाक्याकडे जाताना त्यांचं ट्रकचं गॅरेज लागतं. उभी हयात डिझेल इंजिनांत गेलेला माणूस. पण त्या संध्याकाळचा विषय निघाला की आजही हातातला चहा तसाच गार होतो.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. थंडी मी म्हणत होती.

दिवस मावळता मावळता एक जुना ट्रक धूर ओकत गॅरेजात शिरला. चाचांनी आवाजावरूनच ओळखला.

रंगनाथचा ट्रक!

सायखेड्याचा रंगनाथ दिवाळीच्या आधी गेला होता. एकलहऱ्याच्या वीज केंद्रावर राख भरायच्या रांगेत, बसल्या जागी त्याचं हृदय थांबलं. मागच्या गाड्या हॉर्न देत राहिल्या. इंजिन चालूच होतं...

आज गाडी त्याच्या धाकट्या भावाने, कारभारीने आणली होती. शेजारच्या सीटवरून रंगनाथची बायको कुसाबाई खाली उतरली. चाचांनी तिला बसायला स्टूल दिलं. ती बसली नाही. गाडीला हात लावून उभी राहिली.

"चाचा, लय मिसिंग मारतीय," कारभारी म्हणाला. "सकाळी गिऱ्हाईक येनार हाय गाडी न्यायला."

"नोझल गेला असेल. तू वर बस. मी सांगेन तेव्हा रेस दे."

चाचा बंपरवर चढले. बॉनेट उघडलं. आता त्यांना कॅबिन दिसत नव्हती.

डिझेल नळीतून नोझलपर्यंत येतं आणि नोझल ते सिलिंडरमध्ये फवारतो. एकेका नळीचा नट ढिला करायचा. आवाज पडला तर तो नोझल चांगला. फरक पडलाच नाही, तर तोच खराब.

"रेस दे!"

इंजिन चढलं.

"सोड!"

उतरलं.

पहिला चांगला. दुसरा चांगला. तिसऱ्याच्या वेळी "सोड" म्हटल्यावर इंजिनाने अजून एक छोटासा हिसका दिला. ब्रूम...

रंगनाथची ही जुनी खोड. सोड म्हटलं की जाता जाता एक हिसका द्यायचाच. चाचा त्यावरून किती वेळा त्याच्यावर ओरडले होते.

आताही सवयीने तोंडातून निघून गेलं, "बस कर रे रंगनाथ!"

आणि पाना हातातच राहिला.

चौथ्या नळीचा नट ढिला केला. आवाजात काडीचा फरक नाही. नोझल सापडला होता. चाचांनी मान वर केली...

समोरच्या टपरीवरून कारभारी चहाचे ग्लास घेऊन येत होता.

"तू... तू कधी उतरलास?"

"मघाच! तुमी बॉनेट उघडलं तवाच. वहिनी थंडीनं कापत व्हत्या."

चाचा धावत कॅबिनकडे गेले.

आत कोणी नव्हतं.

त्यांनी बंद करायचं बटण ओढलं. इंजिन थांबलं. मागे वळून पाहिलं तर कुसाबाई होती तिथेच उभी.

"वहिनी, आत कोणी नव्हतं?"

"नव्हतं. मी बघत व्हते."

"मग बोलला का नाहीत?"

ती खाली बघून म्हणाली, "बोलले असते, तर तुमी हाक मारायचं थांबला असता."

चाचांनी काम उरकायला घेतलं. नोझल काढला. काजळीने काळा पडलेला. हातपंपावर लावून पाहिला, तर धुक्यासारखा फवारा उडायच्या ऐवजी डिझेल थेंबथेंब गळत होतं. नवा नोझल बसवला, तांब्याचा नवा वॉशर घातला, नळीतली हवा काढली. गाडी स्वतःच चालू करून ते खाली उतरले.

इंजिन नव्यासारखं बोलायला लागलं. धूर नाही, ठोका नाही.

"इसाकभाऊ, आता मारा हाक."

"वहिनी..."

"एकदाच."

चाचांनी हाक मारली. "रेस दे!"

काहीच नाही. इंजिन एका लयीत चालत राहिलं.

पुन्हा हाक मारली. तरीही नाही.

कुसाबाईचा चेहरा उतरला. "जुनाच बसवा परत."

"वहिनी, खुळ्या झाल्या का!" कारभारी म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता.

चाचांनी तिच्याकडे पाहिलं. इंजिन बंद केलं आणि तो खराब नोझल परत बसवला. आयुष्यात असं काम त्यांनी कधी केलं नव्हतं.

गाडी पुन्हा धूर ओकू लागली. ठोके पडू लागले. तिघेही खाली. कॅबिन रिकामी.

"रेस दे!"

...

"रंगनाथ, रेस दे रे!"

...

मग कुसाबाई पुढे झाली. बॉनेटवर हात ठेवून तिने हळूच हाक मारली.

"अहो..."

चाचांची नजर इंजिनाच्या डिझेल पंपावर होती. पंपावरच्या बंद करायच्या दांडीला कॅबिनमधल्या त्या बटणापासून एक तार येते. ती तार ताणली गेली...

दांडी सावकाश मागे सरकली.

इंजिन थांबलं.

गॅरेजात चिडीचूप झालं. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत होता, तेवढंच काय ते.

कुसाबाईने पदर तोंडाला लावला. रंगनाथ गेल्यापासून ती रडली नव्हती, असं कारभारीने नंतर सांगितलं. त्या संध्याकाळी ती पोटभर रडली.

मग डोळे पुसून म्हणाली, "दमलेत ते. आता नका हाक मारू."

नवा नोझल पुन्हा बसला. सकाळी गाडी गेली. पुढे तिच्याबद्दल कधी काही ऐकू आलं नाही.

इसाकचाचा अजून गॅरेज चालवतात. पण आता रेस द्यायला कोणाला सांगत नाहीत. पंपावरची रेसची दांडी स्वतःच्या हाताने ओढतात. मी एकदा कारण विचारलं.

ते पाना पुसत म्हणाले,

"कॅबिन रिकामी असताना कोणी रेस दिली, तर काय करू?"

मग रस्त्याकडे बघत म्हणाले,

"आणि त्याने नाहीच दिली, तर?"