मी ‘या’ म्हणाले

लंगोट धुवायला पाणी हवं होतं, म्हणून आम्ही तिथं थांबलो. एवढंच कारण. लोकांना वाटतं असल्या गोष्टी घडायला अमावास्या लागते, स्मशानाची वाट लागते. आमच्या बाबतीत बाळाचे लंगोट संपले होते.

दिवा जरा अलीकडे सरकवा, म्हणजे तुमचा चेहरा दिसेल. आधी गाडीचं सांगते.

आमचे हे मार्केट यार्डातून कांदा-बटाटा वाहतात. पहिला टेम्पो जुना झाला तशी त्याच्या जागी नवा आला, आणि जुन्याचं यांनी घर केलं. हौद्यावर पत्र्याची खोली, बाजूला दार, दाराखाली लोखंडी पायरी. आत एका अंगाला झोपायचा बाक, दुसऱ्या अंगाला शेगडी, आणि मधोमध छताच्या कडीला आमच्या पद्मजाची झोळी. पद्मू म्हणतो आम्ही तिला. कितीही धुतलं तरी त्या खोलीला कांद्याचा वास येतो. मला आवडतो तो.

बिबवेवाडीत सोसायटीच्या आवारात गाडी उभी केली, तर तिच्या काचेवर लगेच कागद चिकटला: ‘हे वाहन असल्यास रस्त्यावर लावावे. घर असल्यास मेंटेनन्स भरावा.’ लोणी काळभोरहून सासूबाई आल्या, त्यांनी गाडीला एक चक्कर मारली आणि म्हणाल्या, “घराला चाकं लावलीस संभा. आता संसाराला ब्रेक बी लावून घे.”

पण ह्याच गाडीतून आम्ही भीमाशंकरला शेकरू पाहिलं, कासला फुलं पाहिली. ताडोबाला वाघ दिसला नाही. वाघ दिसल्याचं सांगणारी माणसं मात्र पुष्कळ दिसली. पद्मू पोटात होती तेव्हाही मी फिरले आणि ती झाल्यावरही फिरले. मी भित्री आहे असं हे सगळ्यांना सांगतात, कारण झोपलेल्या पद्मूच्या नाकाशी मी अधूनमधून बोट धरून बघते. बघते तर बघते. ज्या बाईनं बाळ वाढवलंय ती मला हसणार नाही.

गाडीची एक खोड मात्र ध्यानात ठेवा. पायरीवर कुणी पाय दिला की गाडी त्या अंगाला दबते आणि झोळी आपोआप एक हेलकावा खाते. माझी पाठ असली तरी मला कळतं, कोणी आलं.

त्या खेपेला दिवाळी उरकून आम्ही चांदोलीच्या जंगलाकडे निघालो होतो. सासूबाईंनी पद्मूच्या मनगटाला वेखंड बांधलं आणि माझ्या हातात पिशवी दिली. हिरवा खण, नारळ, तांदूळ. “वाटेत देवी लागंल तिची ओटी भर.” देवी काही लागली नाही. पिशवी खुंटीला तशीच राहिली.

दुपार कलल्यावर घाटात धुकं उतरलं. आधी दरी गेली, मग कठडा, मग रस्त्याची पलीकडची बाजू. एका वळणावर सपाट जागा दिसली तशी यांनी गाडी आत घेतली. तिथं पूर्वी गाव असावं. जोत्याचे दगड होते, एक फणस होता, आणि मातीत कललेलं तुळशीवृंदावन, रिकामं. जंगल राखीव झालं तेव्हा इकडची गावं उठवून खाली वसवली, हे यांना ठाऊक होतं.

“झरा हाय खाली, आवाज येतोय,” हे म्हणाले. “कॅन भरून आलोच. तू खिमट टाक तिचं.”

“अहो, लांब जाऊ नका.”

“तुझ्या आवाजाच्या टप्प्यात हाय.”

ते चार पावलं गेले आणि धुक्यात नाहीसे झाले. मी शेगडी पेटवली. दिवेलागण झाली होती म्हणून छोटा कंदील लावून दारात टांगला. पद्मू झोळीत किरकिरायला लागली, मग रडायला. तांदूळ-डाळ रटरटत होती. बाहेर मात्र इतकं गप्प होतं की झऱ्याचाही आवाज येईना.

“बाळ रडतंय व्हय?”

दाराशी एक बाई उभी होती. धुक्यात चेहरा धड दिसत नव्हता. डोक्यावरून पदर, आणि पदराखाली कान फडक्यानं घट्ट बांधलेले. अशी बाई दिवेलागणीला दारात आली की तुम्ही काय म्हणाल? जे तुम्ही म्हणाल तेच मी म्हणाले. बिबवेवाडीत दिवसातून दहादा म्हणते तसंच, नीट न बघता, डावानं ढवळता ढवळता.

“या ना, आत या. घर लहान आहे, पण या.”

ती आत आली. आणि माझा डाव थांबला.

गाडी दबली नव्हती. झोळी हलली नव्हती.

मी मान वळवली. ती बाकावर टेकली होती, झोळीच्या अगदी जवळ. पाय उलटे असतात म्हणतात; मी मुद्दाम पाहिले. सरळ होते. ओले होते, पण पत्र्यावर ओल उमटली नव्हती. आणि कांद्याचा वास गेला होता. त्याच्या जागी दुसराच आला, जो मी पुरता ओळखते. ओवा, बाळंतशेपा, गोवरीचा विस्तव. बाळंतिणीच्या खोलीतली धुरी. तीन महिन्यांपूर्वीपर्यंत माझ्याच केसांना तो वास होता. म्हणून तर कान बांधलेले...

पद्मू रडायची थांबली. झटकन, तोंडावर हात ठेवावा तशी.

मी तिला झोळीतून उचलली आणि छातीशी धरली. नाकाशी बोट नेलं. श्वास होता. गरम होता.

“किती दिसांचं?” बाईनं विचारलं.

“चार महिने झाले.”

“नाव ठेवलं?”

“पद्मजा.”

“बारसं झालं म्हनायचं...” ती झोळीकडे बघत म्हणाली. “माझ्या पोराचं ऱ्हायलं. दहाव्या दिशी मीच गेले.”

मी पद्मूचं डोकं पदरानं झाकलं.

“गाव उठलं तवा समदी गाडीत बसली. भांडी नेली. देव नेले. माझं पोर बी नेलं, मोठं झालं व्हतं ते. मला कुनी ‘चल’ म्हनलं न्हाई.” मग ती हळूच हसली असावी. “तू ‘या’ म्हनलीस.”

तिनं झोळीला हात लावला. रिकामी झोळी हलायला लागली. कडी करकरली. एक हेलकावा, दुसरा, तिसरा...

रिकामी झोळी हलवू नये, हे शेंबड्या पोरीलाही माहीत असतं. मला भीती वाटायच्या आधी राग आला.

“झोळी हलवू नका,” मी म्हणाले. “माझं लेकरू हातात आहे माझ्या.”

झोळी थांबली. मधेच, वर उचललेली होती तिथंच थांबली. खाली आली नाही.

तेवढ्यात गाडी दबली. हे आले होते, कॅन घेऊन. त्यांनी आत डोकं घातलं, नाक वर केलं.

“ओवा जाळलास व्हय?”

“गाडी काढा.”

“आगं, लंगोट...”

“अहो, गाडी काढा. आत्ता.”

त्यांना बाकावर काही दिसलं नाही. पण वर अधांतरी थांबलेली झोळी दिसली. मग ते पुढे जाऊन बसले. इंजिन सुरू झालं. चाकं फिरली, माती उडाल्याचा आवाज आला, गाडी थरथरली आणि जागची हलली नाही. पुन्हा तेच. पुढच्या खिडकीतून यांचा आवाज आला, यार्डातल्या हमालाला विचारावं तसा, पण बारीक.

“शालू... किती लोड हाय गाडीत?”

मी बाकाकडे पाहिलं. आत येताना जिचं वजन नव्हतं, ती आता बसली होती. बाक मधोमध वाकला होता.

“तुमच्यासंगं येनार,” ती म्हणाली. “बोलावलंस ना?”

तेव्हा मला कळलं काय करायचं. ती भूत असेल, कोणीही असेल, आत आली ती पाहुणी म्हणून. दारात अडवली असती तर गोष्ट वेगळी. एकदा ‘या’ म्हटलेल्या बाईला हाकलता येत नाही. तिला नीट पाठवावं लागतं, आणि पाठवायची रीत मला येते. माझ्या आईनं दुसरं काही दिलं नसेल, तेवढं दिलंय.

पद्मूला पदरानं पाठीशी बांधली. करंडा काढला. खुंटीवरची पिशवी काढली. बाईसमोर उभी राहिले आणि हळद लावली, मग कुंकू. बोटाला काही लागलं नाही, फक्त गारठा लागला, विहिरीत हात घातल्यासारखा. पण लावलेलं कुंकू तिथं राहिलं. हवेत एक लाल ठिपका, आणि त्याच्यामागे हळूहळू कपाळ.

“पदर धरा,” मी म्हणाले.

तिनं पदर पसरला. मी खण ठेवला, नारळ ठेवला, ओंजळीनं तांदूळ घातले. एक दाणा खाली पडला नाही. दुसऱ्या दिवशी यांनी गाडी झाडली तेव्हाही सापडला नाही.

“चहा ठेवला असता,” मी म्हणाले, “पण दिवे लागले. आम्हालाही पोचायचंय. तुमचं बाळ गेलंय तिकडे, खालच्या गावात. मोठं झालं असेल, पण आई ती आई. त्याच्याकडे जायला माझी गाडी कशाला हवी तुम्हाला?”

इंजिन चालू होतं. पद्मूचा श्वास माझ्या मानेवर लागत होता, तो मी मोजत होते.

मग ती उठली. झोळी खाली आली. दारातल्या कंदिलापाशी ती वळली, ओटी पोटाशी धरून.

“येते,” ती म्हणाली.

“या,” मी म्हणाले.

आणि गाडीनं अशी उसळी मारली की खिमटाचं पातेलं उलटं झालं. घाट उतरेपर्यंत यांनी मागे पाहिलं नाही. खालच्या गावात दिवे दिसले तेव्हा पहिल्यांदा बोलले, “शालू, तू भित्री न्हाईस.” मी म्हणाले, “हे सोसायटीत सांगा.”

परत आल्यावर सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या चहा पीत होत्या. ओटीपर्यंत मान डोलावत होत्या.

“बरं केलंस पोरी. आनि निघताना काय म्हनली ती?”

“येते म्हणाली.”

“आनि तू?”

मी पद्मूचं अंगडं सारखं करायला लागले. त्यांनी कप खाली ठेवला.

“आगं, ‘या’ म्हनलीस? तिला?”

“मग ओटी भरून ‘जा’ कशी म्हणू आत्याबाई? तुम्ही म्हणाला असता?”

त्यांनी विचार केला. “न्हाई,” म्हणाल्या. “माझ्याबी तोंडातनं ‘या’च आलं असतं.” आणि त्यांनी पद्मूच्या मनगटाचं वेखंड चाचपलं.

मी घाबरले नाही. आजही नाही. दाराशी करंडा असतो, खणही आणून ठेवलाय. जी रीतीनं आली, रीतीनं गेली, ती रीत सोडणार नाही, अशी माझी खात्री आहे.

चैत्रात गाडी धुवायला काढली. थंडीभर कुलूप होतं, किल्ली माझ्याच कमरेला. दार उघडलं तर कांद्याचा वास नव्हता. ओवा होता. झोळीत घडी घालून एक कुंची ठेवलेली. हिरव्या खणाची. खण तोच, काठाजवळ माझ्या हळदीच्या बोटाचा डाग मी ओळखला. हातशिलाई, बारीक टाके, हनुवटीखाली बांधायला दोन बंद. बारशाला मावशी आणते तशी.

हे म्हणाले, “फेकून दे.”

सासूबाई म्हणाल्या, “बारशाची कुंची फेकीत न्हाईत.”

मी पद्मूच्या डोक्याला लावून बघितली. मोठी होती, पार डोळ्यांवर येत होती. बरं वाटलं मला. घडी घातली आणि ट्रंकेत तळाशी ठेवून दिली.

आज सकाळी यंदाची पहिली थंडी होती, म्हणून काढली. नाही, थंडीचं निमित्त. मला बघायचंच होतं. पद्मू खिडकीशी बसली होती, गाडीकडे बघत. मागून तिच्या डोक्यावर कुंची चढवली, बंद सुटेच होते. बरोबर बसली, तिच्याच मापाची शिवल्यासारखी.

बंद बांधायला म्हणून मी हनुवटीखाली हात नेला, तर गाठ आधीच मारलेली होती.