रिकामी चौकट

चंद्रावरच्या वसाहतीत फोडणी दिली, की मोहरी छतावरून गोळा करून आणावी लागते. पण त्या दिवशी केतकीला त्याहून मोठा पेच पडला होता. पृथ्वीवर परत गेलेली तिची मैत्रीण निलोफर शोधायची कशी?

निलोफरचं गुपित केतकीने वर्गात फोडलं, दोघींचं कडाक्याचं भांडण झालं आणि त्याच आठवड्यात निलोफरचं यान सुटलं. आता केतकीला माफी मागायची होती. पण चंद्रावरून मुलांचे निरोप फक्त 'सोबत' या जाळ्यावर, एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जात. आणि तिच्याजवळ होता निलोफरचा नुसता ईमेल पत्ता.

घरातला यंत्रमानव धोंडू म्हणाला, त्यात काय, एपीआयला विचारू (एका संगणकाने दुसऱ्याला ठरलेल्या साच्यात प्रश्न विचारायची खिडकी). तिथे आधी आपली किल्ली दाखवायची (विचारणारा कोण, हे पटवणारा लांबलचक गुप्त शब्द). मग पत्ता द्यायचा. तो अक्षरन् अक्षर जुळला, की त्या खात्याचं नाव एका चौकटीत येतं.

चौकट आली. रिकामी.

केतकीचा चेहरा उतरला. माझ्यामुळे तिने खातंच बंद केलं, असं पुटपुटत ती धोंडूला तेच तेच विचारायला लावू लागली. शेवटी खिडकीनेच जरा दम खा म्हणून बजावलं.

दम खाऊन झाल्यावर धोंडूने मुकाट्याने केतकीचाच पत्ता विचारला. चौकट रिकामी.

"घ्या. बाईसाहेब, तुम्हीही या जगात नाही."

"काहीतरीच काय, धोंड्या. ही काय मी इथे बसलेय."

मग तिला आठवलं. भांडणाच्या दिवशी रागाच्या भरात तिने 'ईमेलवरून शोधू द्या' ही परवानगी काढून टाकली होती. म्हणजे खातं नसलं तरी चौकट रिकामी, आणि असून लपलेलं असलं तरी रिकामीच. पण दोन्हींना एकच उत्तर कशाला, असं तिने विचारलं.

"वेगळं दिलं, तर लपणाऱ्याचं लपणं कसलं? कुणीही उपटसुंभ ढीगभर पत्ते विचारून कोण कोण आत आहे ते हेरेल."

केतकी हळूच म्हणाली, "म्हणजे निलूने मला शोधलं असेल, तर तिलाही रिकामीच चौकट मिळाली असेल."

यावर मात्र धोंडूने थट्टा केली नाही.

तिने परवानगी पुन्हा देऊन टाकली. धोंडूने विचारून पाहिलं. चौकटीत एक नाव आलं, केतकी.

निलोफरची चौकट अजून रिकामीच होती. ती कधी उघडायची, हे तिचं तिने ठरवायचं. पण आता पृथ्वीवरून तिने विचारलंच, तर उत्तर पोहोचायला तीन सेकंदही लागणार नव्हते.