ओट्याचं माप

किल्ल्या घ्यायच्या आणि परत यायचं, एवढंच त्या सकाळचं काम होतं. ताई आणि तिचा नवरा जुन्या घराच्या दारात उभे होते. घर विकून मुलाकडे राहायला निघालेल्या आजी त्यांना शेवटचं कुलूप उघडून दाखवत होत्या. आजी अगदी ठेंगण्या, ताईच्या खांद्याला जेमतेम लागतील एवढ्या. मुलगा बाहेर गाडीत बसून भोंगा वाजवत होता.

आजींनी स्वयंपाकघराकडे एकदा वळून पाहिलं. मग किल्ल्या ताईच्या हातावर ठेवून म्हणाल्या, "बरं, येतो हं आम्ही."

जाणाऱ्यानं 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं, हे ताईला आईनं शिकवलेलं. आणि 'येतो' म्हणणाऱ्याला कोरडं पाठवू नये, हेही. ती तोंडभरून म्हणाली, "या ना! कधीही या. घर तुमचंच आहे."

गाडी वळल्यावर नवरा हसला. "सह्या झाल्यावर कुणी असं बोलतं का गं?"

"बोलण्यानं कुणाचं घर जात नाही," ताई म्हणाली.

तिनं सारी वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढली होती. मोरीशेजारचा कोपरा, आणि वरून घरमालकिणीचं, "खिडकी लावून रांधा हो!" आपला ओटा, आपली शेगडी, कुणाला न विचारता हलवता येईल असा आपला डबा, एवढंच तिनं देवाकडे मागितलं होतं. आणि नवस बोलली होती, स्वतःच्या ओट्यावर पहिला चहा होईल तेव्हाच चहात साखर. नवरा त्या चहाला काढा म्हणे, पण तिच्या सोबतीनं तोच पिई.

"मिस्त्री लावू या," तिनं सुचवलं.

"मिस्त्री कशाला? मी आहे ना."

"म्हणूनच म्हणते."

पण त्यानं ऐकलं नाही. कचेरीत दिवसभर कागद सरकवणारा माणूस, छिन्नी-हातोडा हाती आल्यावर तरणाताठा झाला. रजा टाकून त्यानं जुना ओटा फोडला. ओटा आजींच्या मापाचा, इतका बुटका की ताईला कमरेत वाकावं लागे. फरशा निघाल्या, तेलकट काळी भिंत उघडी पडली आणि घरभर जुन्या चुन्याचा ओलसर वास पसरला.

नव्या ओट्याचं माप त्यानं ताईवरूनच घेतलं. तिला भिंतीशी उभं केलं, कोपर वाकवायला लावलं आणि कोपराच्या चार बोटं खाली पेन्सिलीनं रेघ मारली. "ही तुझी रेघ, राणीसरकार. फरशी इथं बसणार."

सकाळी रेघ वीतभर खाली होती.

"चुकलंच माझं," तो डोकं खाजवत म्हणाला.

"बघा! मिस्त्री म्हणत होते मी."

पुन्हा माप घेतलं. या वेळी रेघ ताईनं स्वतःच्या हातानं मारली. दुसऱ्या सकाळी ती बोटानं पुसावी तशी पुसलेली, आणि खाली, वीतभर खाली, दुसरी. पट्टी न लावता ओढलेली, किंचित थरथरलेली. त्या सकाळी कुणीच कुणाची थट्टा केली नाही.

दुपारी नवरा सिमेंट आणायला गेला, तेव्हा ताई खिडकीच्या चौकटीचा जुना रंग खरवडत बसली होती. भर उन्हाची वेळ, रस्ता निपचित पडलेला. शेगडी, भांडी, सगळं बाहेरच्या खोलीत मांडलं होतं. स्वयंपाकघरात एक चमचासुद्धा नव्हता.

आणि मागून आवाज आला. टण, टण.

ढवळून झाल्यावर पातेल्याच्या काठावर डाव आपटावा, तसा. पाठोपाठ किंचित लागलेल्या दुधाचा वास... ताईनं मान वळवली नाही. हात खरवडत राहिला, ओठ देवाचं नाव घेत राहिले. वास हळूहळू विरला.

संध्याकाळी भिंतीपलीकडच्या काकू वाळलेले कपडे काढता काढता म्हणाल्या, "कळलं का? आजी गेल्या."

"अगं बाई! कधी?"

"तुम्ही ओटा फोडलात ना, त्याच सुमाराला. मुलाचा फोन होता. शेवटी शेवटी एकच धोशा लावला होता म्हणे... 'त्या पोरीला आम्ही येतो म्हणून सांगितलंय. ती या म्हणालीय. जायला हवं.'"

ताई तशीच घरात आली आणि नवऱ्याला सांगितलं, दुपारच्या आवाजासकट.

नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "तूच बोलावलंस, आता तूच सांग. जा म्हण. एक शब्द तर आहे. नाहीतर... विकून टाकू घर."

विकून टाकू! पुन्हा ती मोरी, पुन्हा ती खिडकी.

ती आत गेली आणि दार लोटून घेतलं. उतरतं ऊन भिंतीवर त्या खालच्या रेघेपर्यंत आलं होतं. "आजी..." शब्द ओठांवर आला. पण दारातून निघालेल्या वैऱ्यालाही जो शब्द कधी म्हटला नाही, तो या बाईला कसा म्हणायचा? जन्मभर इथंच तर उभी राहिली. निघताना तिला तरी कुणी विचारलं असेल का?

ताईनं आपल्या मापाची रेघ पुन्हा ओढली. "आजी," ती हळूच म्हणाली, "माझी पुसू नका हं. तुमचीही पुसत नाही मी."

सकाळी दोन्ही रेघा जागच्या जागी होत्या.

नवऱ्यानं कपाळाला हात लावला, पण ओटा दोन उंचींचा बांधला. शेगडीकडचा ताईच्या मापाचा, खिडकीखालचा तुकडा बुटका.

"लोक विचारतील, काय सांगायचं?"

"सांगा, हौशी मिस्त्रीचं काम."

तो हसला, बऱ्याच दिवसांनी.

पहिला चहा झाला, साखर घालून. घर निवलं. कधीमधी दुपारी टण टण होई आणि ताई आपल्या कामात राही. घरात कुणीतरी मोठं माणूस असावं, तसंच वाटे तिला.

मग एके दुपारी नवरा कचेरीत असताना ती कोपऱ्यावरच्या दुकानात निघाली. दार ओढून घेताना सवयीनं म्हणाली, "येते हं."

आतून अगदी सहज उत्तर आलं, "ये."

वळणापर्यंत पोचली आणि आठवलं, दूध शेगडीवर तसंच राहिलं! ती धावत परतली. शेगडी बंद होती. साय पातेल्याच्या काठाशी येऊन थांबली होती. डाव बुटक्या ओट्यावर होता, अजून ओला.

"आजी, उपकार झाले," ताईनं हात जोडले. डाव उचलायला वाकली, तेव्हा तिला दिसलं.

बुटक्या ओट्याच्याही खाली, नव्या पांढऱ्या टाइलवर, पेन्सिलीची तिसरी रेघ. जेमतेम तिच्या गुडघ्याच्या उंचीवर.

येतो हं आम्ही... मोठी माणसं स्वतःला 'आम्ही' म्हणतात तसंच असेल, असं तिला त्या दिवशी वाटलं होतं. मुलगा तर बाहेर गाडीत होता. आणि आपण काय म्हणालो? या. घर तुमचंच आहे. आदरानं म्हटलेलं 'तुमचंच'. त्यात किती जण मावतात, ते कुठे मोजलं होतं तिनं?

डाव तिच्याच हातात होता. तरीही खालून, गुडघ्यापाशी, आवाज आला. टण, टण, टण... घाईघाईचा, नीट न जमलेला. कुणीतरी नुकतंच शिकू लागल्यासारखा.