दर गुरुवारी, डबलला घेऊन

"तुमच्या घरी कुत्रं आहे का?"

तिकिटाची मशीन हातात धरून मी त्याच्याकडे बघतच राहिले. कंडक्टरनं ‘कुठं?’ विचारलं की माणूस गावाचं नाव सांगतो. पाच वर्षांच्या नोकरीत असलं उत्तर मला कोणी दिलं नव्हतं.

अमरावती-अकोला गाडीनं नुकतंच बडनेरा सोडलं होतं. नोव्हेंबरचं कोवळं ऊन खिडकीतून आत येत होतं आणि निळ्या शर्टातला, चष्मा लावलेला हा माणूस माझ्या तोंडाकडे नव्हे, सरळ माझ्या मनगटाकडे बघत होता.

"तिकिटाले लागते का ते?" मी विचारलं.

"नाही... म्हणजे... अकोला एक." तो गोंधळला. पण थांबला नाही. "तुमच्या हातावर हे पुरळ आहे ना, कोपरापर्यंत... अंथरुणात पडल्यावर जास्त खाजतं?"

मागच्या सीटवरच्या दोन बाया फिस्सकन हसल्या. माझे कान तापले. भरल्या गाडीत पोरीला कोणी असं विचारतं?

"तिकीट घ्या अन् समोर पाहा," मी म्हटलं आणि पुढं सरकले. बाही मात्र हळूच खाली ओढून घेतली.

मूर्तिजापूरला गाडी थांबली, तेव्हा तो खाली उतरून माझ्या दाराशी आला. चेहरा शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा.

"माफ करा. मी जनावरांचा डॉक्टर आहे. सुगत वाकोडे. सवयच लागलीय... कातडी दिसली की बघायची."

"माणसाची पण?"

"नाही हो!" तो चक्क लाजला. मग घाईघाईनं म्हणाला, "घरी गेल्यावर एक करून बघा. कुत्र्याच्या कानाची कड दोन बोटांत धरून हलकेच चोळा. चोळता चोळता त्याचा मागचा पाय आपोआप खाजवायला लागला, तर त्याला माझ्याकडे घेऊन या. अकोल्यात गौरक्षण रोडला दवाखाना आहे."

मी गाडी सोडायची डबल बेल दिली. तो धावत चढला.

आता, डबल हे आमच्या कुत्र्याचंच नाव. माझे बाबा, देवमन तायडे, तीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर. रिटायर झाले त्याच वर्षी हे तांबूस पिल्लू आमच्या दारात येऊन बसलं आणि बाबांनी त्याचं नाव ठेवून टाकलं. दोन वर्षांपूर्वी बाबांना लकव्याचा हलका झटका आला. डावा पाय ओढल्यासारखा झाला. चालायचा व्यायाम करा, असं डॉक्टर सांगून थकले, आई सांगून थकली, मी रडून पाहिलं. बाबा खाटेवरून हलत नव्हते. मग एका सकाळी डबल चप्पल तोंडात घेऊन त्यांच्यापुढं उभा राहिला. त्या दिवसापासून दोघं रोज गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येत.

पण दीड महिन्यापासून डबल झडायला लागला होता. कोपरं उघडी पडली, कानांच्या कडांवर खपल्या जमल्या. बसला की खाजव, उठला की खाजव, खाजवून खाजवून रक्त काढायचा. शेजारच्या पार्बताबाईंनी साऱ्या गल्लीला सांगितलं की तायड्यांच्या कुत्र्याला खरूज झाली आहे, आता पोराटोरांना लागणार. आईनंही हात टेकले. बार्शीटाकळीच्या धर्मेंद्रमामाला तिनं फोन केला. रविवारी टेम्पो घेऊन ये आणि याला शेतात सोड. त्या दिवशी, बुधवारी, बाबा फिरायला गेले नाहीत, आणि मी ड्युटीवरून परतले तेव्हाही खाटेवरच होते.

मी दारात बसले. डबलच्या कानाची कड दोन बोटांत धरली आणि हलकेच चोळली.

मागचा पाय सायकल मारल्यासारखा गरगर फिरायला लागला.

गुरुवारी माझी सुट्टी होती. मी डबलला ऑटोत घातलं.

डॉक्टरांनी आधी नुसता त्याचा वास घेतला. मग माझ्याकडे पाहिलं. "याला ऑइल कोणी लावलं?"

"बाबांनी. जळकं ऑइल. ड्रायव्हर आहेत ना... गाडीले चालते ते कुत्र्याले पन चालते म्हने."

"बाबांना सांगा, कुत्र्याला गिअर नसतात." आवाज नरम होता, पण चेहरा गंभीर. "कातडी जळते त्यानं. चाटलं तर पोटात विष जातं. रॉकेल नको, फिनाइल नको, माणसांची मलमंसुद्धा नकोत."

ब्लेडच्या धारेनं त्यांनी कोपरावरची कातडी अगदी हलक्या हातानं खरवडली, काचेवर घेतली, मायक्रोस्कोपखाली ठेवली. बराच वेळ बघत राहिले आणि एकदम आनंदून म्हणाले, "या, या! बघा!"

मी वाकून डोळा लावला. गोल, पारदर्शक, आखूड पायांचं काहीतरी हळूहळू हलत होतं.

"खरजेचा किडा. कातडीच्या आत बोगदा करून राहतो. तुमच्या मनगटावर हाच पाहुणा आलाय. माणसावर तो फार टिकत नाही. कुत्रं बरं झालं की तुम्हीपण बऱ्या व्हाल. तरी एकदा त्वचेच्या डॉक्टरांना दाखवून घ्या."

मी मान वर केली. तो मायक्रोस्कोपकडे बघत नव्हता.

"किडा तर इथं हाय," मी म्हटलं. "मग तुमी काय पाहून राहिले?"

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मी... डोस लिहितो."

गोळी तिथंच खाऊ घातली. औषधी शाम्पूनं अंघोळ कशी घालायची ते सांगितलं, दहा मिनिटं फेस तसाच ठेवायचा. पांघरूण, पोतं, पट्टा सगळं उकळत्या पाण्यात. तीन आठवडे लेकरांनी हात लावायचा नाही.

"तीन आठवडे?" मी डबलचा पट्टा घट्ट धरला. "रविवारी त्याले घेऊन चालले."

सगळं ऐकून तो एवढंच म्हणाला, "किती वाजता येणार मामा?"

रविवारी दहाला टेम्पो आला. त्याच्या मागोमाग डॉक्टरांची मोटरसायकल. गल्लीतले सगळे ओट्यांवर आलेले. सुगतनं हातमोजे घातले आणि इस्त्रीच्या पँटीसकट आमच्या दारात, डबलशेजारी फरशीवर बसला.

"खरूजच आहे," तो मोठ्यानं म्हणाला. "पार्बताबाईंचं बरोबर आहे, ती लागते. पण औषध पोटात गेलंय. महिनाभरात याच्या अंगावर केस येतील. शेतात सोडला तर औषध कोण देईल? हा तिथल्या दहा कुत्र्यांना खरूज देईल आणि तीच फिरून गावात येईल."

"अन् नाई बरा झाला त?" पार्बताबाईंनी कमरेवर हात ठेवले.

"तर मी स्वतः घेऊन जाईन याला. माझ्या घरी."

धर्मेंद्रमामानं आईकडे पाहिलं. आईनं बाबांकडे. बाबा खाटेवरून उठले, पाय ओढत दारापर्यंत आले आणि डॉक्टरांच्या बाजूला बसले.

"चहा पेता काय, डॉक्टरसाहेब?" आई म्हणाली.

मामा रिकामा टेम्पो घेऊन परत गेला.

महिन्यानं डबलच्या कोपरांवर तांबूस लव उगवली. माझं मनगटही साफ झालं. सगळं छान चाललं असताना त्यानं नवीनच सुरू केलं. पंजे चाटायचा, चाटून चाटून ओले करायचा. कान आतून लाल झाले, त्यांना आंबूस वास यायला लागला.

सुगतनं पुन्हा खरवडून पाहिलं. किडा नव्हता. दिव्याखाली केस विंचरून पाहिले. पिसवाही नव्हत्या.

"ही ॲलर्जी दिसतेय. बहुतेक खाण्याची. खरजेच्या आड लपली होती. कान मी औषधानं साफ करतो, पण मूळ शोधायचं तर याला आठ आठवडे फक्त मासोळी आणि भात. पोळी नाही, दूध नाही, कोंबडी नाही, अंडं नाही. बिस्किटाचा कण नाही. आणि रोज वहीत लिहायचं. किती वेळा चाटलं, किती वेळा खाजवलं."

"अन् दाखवाले कवा आणू?"

तो जरा थांबला. कॅलेंडरकडे पाहिलं. "दर... गुरुवारी."

मी दर गुरुवारी जायला लागले. मधे आमच्या डेपोत सुट्ट्या बदलल्या आणि माझा वार सोमवार झाला. आरती नावाच्या माझ्या कंडक्टर मैत्रिणीला विनवून, तिच्याशी वार बदलून मी गुरुवार परत मिळवला. ‘कुत्र्याच्या औषधासाठी,’ असं सांगितलं. ती माझ्या नव्या ओढणीकडे बघून नुसतं ‘हं’ म्हणाली.

वहीत मी लिहायचे, ‘मंगळवार. पंजे सात वेळा. कान चार वेळा.’ सुगत वही तपासून परत द्यायचा. एकदा घरी येऊन पाहिलं, तर समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘गुरुवार. कंडक्टर हसल्या, दोन वेळा.’

मी ते पान इतक्या वेळा उघडलं, की वही आपोआप तिथंच उघडायला लागली.

पुढच्या आठवड्यात मी त्याखाली लिहिलं, ‘डॉक्टरांनी मोजण्यात चूक केली. तीन वेळा.’

तिसऱ्या आठवड्यात डबलचे कान एकदम पेटले. सुगतनं पहिल्यांदाच कपाळाला आठी घातली. "कोणीतरी काहीतरी देतंय."

मी बाबांवर पाळत ठेवली. बाबा निर्दोष निघाले. रविवारी दुपारी मागच्या अंगणात आईच सापडली. तीच आई, जिनं टेम्पो बोलावला होता. कोंबडीच्या रश्शात पोळी कुस्करून डबलला भरवत होती.

"आई!"

"काय आई? पंधरा दिवस झाले, मासोळीच खाऊन राहिलं बिचारं. माह्याकडे पाहाते अन् डोये भरून येते त्याचे."

"त्याचे नाई भरत, तुहे भरते!"

आईनं पदरानं डोळे पुसले. "सांग तुह्या डॉक्टरले. माही चूक झाली म्हना."

‘तुह्या डॉक्टरले’ हे शब्द माझ्या कानात दिवसभर वाजत राहिले.

सुगत हसला, मग गंभीर झाला. "मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून." त्याला वाईट वाटलेलं मुळीच दिसत नव्हतं.

फेब्रुवारी संपत आला. डबलचे पंजे कोरडे, कान गुलाबी, कातडी चकचकीत. नेमकं काय बाधतं ते कळावं म्हणून सुगतनं एक एक पदार्थ देऊन बघायला सुरुवात केली होती. पोळी दिली, काही झालं नाही. कोंबडीचा एक तुकडा दिला आणि दुसऱ्याच दिवशी पंजे तोंडात. चोर सापडला होता.

त्या गुरुवारी दवाखान्याच्या बाकावर माझ्याशेजारी मनकर्णाबाई नावाच्या आजी बसल्या होत्या. मांडीवर पांढरं, केसाळ कुत्रं.

"यालेबी तेच होतं," त्या म्हणाल्या. "खान्याचं. मासोळी-भात."

"मग तुमी पन दर गुरुवारी येता?"

"दर गुरुवारी? कायले व बाई? डॉक्टर म्हनले, महिन्यानं दाखवा, मधात काई वाटलं त फोन करा. दोनदा आली मी, बस."

मी बंद दाराकडे पाहिलं. मग वहीकडे. मनातल्या मनात गुरुवार मोजले. बारा.

आजी जाऊन आल्या, आमचा नंबर आला. डबल शेपूट हलवत टेबलाखाली जाऊन पसरला. मी दार लावलं आणि उभीच राहिले.

"डॉक्टरसाहेब, मनकर्णाबाईच्या कुत्र्याले महिना, अन् माह्या कुत्र्याले आठवडा. काहून?"

त्याच्या हातातला स्टेथोस्कोप गळ्यात जायच्या ऐवजी खाली पडला. उचलायला तो वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"ते... केस वेगळी होती..."

"कोनती केस? वर पाहून सांगा."

तो उभा राहिला. कानाच्या पाळ्या लाल. इतक्या महिन्यांत हा माणूस माझ्याशी पुस्तकातलं मराठी बोलत आला होता. त्या क्षणी ते सगळं गळून पडलं.

"मले... मले महिना लय वाटला," तो म्हणाला. "तुमी महिन्यानं येनार, हे मले सहन नसतं झालं. कुत्रं केव्हाचंच ठीक होऊन राहिलं होतं, संध्या. मीच नव्हतो."

त्यानं माझं नाव पहिल्यांदाच घेतलं होतं. बाहेर कुठलीतरी मांजर ओरडत होती, रस्त्यावर ऑटो हॉर्न वाजवत होते... आणि मला फक्त ते नाव ऐकू येत होतं.

"रागावली?" त्यानं विचारलं.

"माही सुट्टी सोमवारची हाय," मी म्हटलं. "डिसेंबरपासून."

त्याला समजायला दोन क्षण लागले. मग तो असा हसला, की टेबलाखालच्या डबलनंसुद्धा मान उचलून पाहिलं.

"आता पुढच्या गुरुवारी?" तो हळूच म्हणाला. "डबलले तर काहीच नाई..."

"मंग डबलले कायले आनू?"

पुढच्या गुरुवारी मी एकटीच गेले. त्यानं दुपारी दोन तास दवाखाना बंद ठेवला होता. मागच्या खोलीत, औषधांची खोकी बाजूला सारून त्यानं सतरंजी अंथरली होती. मी पिशवीतून आईनं दिलेला डबा काढला. ज्वारीची भाकर, भरलं वांगं, वर ठेचा. त्यानं भाकर मोडून पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

"आईनं निरोप देला," मी म्हटलं.

"काय?"

"तुमच्या आईले घेऊन आमच्याकडे कवा येता, विचारलं."

त्याचा घास तोंडातच अडकला. "कायले?"

"कुत्रं दाखवाले नाई."

त्यानं घास गिळला, वर पाणी प्यायलं. "येत्या रविवारी," तो म्हणाला. "नाही... थांब. आई शनिवारीच येऊन राहिली अमरावतीहून. शनिवारीच येतो."

ठेच्यानं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, की आणखी कशानं, मी विचारलं नाही. डब्यातली दुसरी भाकर मोडली आणि अर्धी त्याच्या हातावर ठेवली.